केवळाबाईनं निवडलेलं मेंडोलिन

केवळाबाईला हाताचं जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं पेटीचं वाटलं.

हात गेला तो कडबाकुट्टीत. अर्धापूरजवळच्या केळीच्या पट्ट्यातलं त्यांचं गाव. उन्हाळ्यातली दुपार, गडी आला नव्हता, म्हशी हंबरून जीव खात होत्या. पेंढी मधेच अडकली म्हणून केवळाबाईनं ती उजव्या हातानं आत रेटली आणि मशीननं पेंढीबरोबर हातही ओढला. नांदेडच्या दवाखान्यात तिला शुद्ध आली तेव्हा पांढऱ्या पट्टीच्या गोळ्यातून अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच बाहेर डोकावत होतं. बाकीची तीन गेली होती. कॉटशेजारी हणमंतराव, तिचा नवरा, तोंडाला रुमाल लावून हुंदके देत होता.

"रडून काय राहिलात?" ती म्हणाली. "मेले न्हाई मी. दोन शिल्लक हायती."

पण घरी आली आणि पुढच्या खोलीत पाऊल टाकताच ती थबकली. कोपऱ्यात, भरतकामाच्या रुमालाखाली कायम असायची ती बायांच्या भजनी मंडळाची पेटी तिथं नव्हती. जागा झाडून पुसून लख्ख केली होती, जणू तिथं कधी काही नव्हतंच.

"पेटी कुठं हाय?"

"इंदूकडं दिली," हणमंतराव खाली बघत म्हणाला. "हितं पडून काय करती ती आता?"

इंदू म्हणजे तिची धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. इंदूला पेटी केवळाबाईनंच शिकवली होती. तेव्हा राग इंदूचा नव्हता. राग होता तो न विचारण्याचा. वीसेक वर्षं गावातल्या बायांचं भजन तिच्या पेटीवर उभं होतं. एकादशी असो, बारसं असो, कुणाच्या दहाव्याचं भजन असो, 'केवळाबाई आली का?' असं विचारल्याशिवाय टाळ वाजत नव्हता. आणि आता तिला एका शब्दानं न विचारता गावानं ठरवून टाकलं होतं, की हिचं संपलं.

त्यानंतर सुरू झाली ती दया. पाण्याची कळशी कुणी उचलू देईना. भाकरी थापायला बसली की शेजारीण धावत येऊन परात ओढून घेई. "बस गं बाई तू, लई सोसलंस." समोर 'बस' म्हणायच्या आणि पाठीमागं 'बिचारी'. केवळाबाईला शिव्या चालल्या असत्या, 'बिचारी' चालेना. एक दिवस तिनं इंदूच्या घरी जाऊन पेटीच उलटी फिरवून घेतली. डाव्या हातानं सूर वाजवायचे आणि उजव्या पंज्यानं भाता रेटायचा, असा तिचा बेत. दोन कडवी झाली. तेवढ्यात जखमेवरची नवी कातडी भात्याला घासून फाटली, आणि इंदूनं रक्त बघून असा काही हंबरडा फोडला की गल्ली गोळा झाली. मग हणमंतरावानं हात जोडले. "आता पुरे कर. देवाची इच्छा."

"देवानं काय तुमच्या कानात सांगितलं का?" केवळाबाई म्हणाली, पण त्या दिवशी तिला माघार घ्यावी लागली.

पुढच्या हंगामात भोकरला तिच्या भाच्याचं लग्न लागलं. जेवणं झाली, उन्हं कलली, बँडवाले मांडवाच्या एका बाजूला पाय पसरून बसले होते. त्यांच्यातला एक पिकल्या मिशांचा गडी मांडीवर एक लहानसं वाद्य घेऊन आपल्याच नादात वाजवत होता. गिटारसारखं, पण गिटारच्या लेकरासारखं. तारा दोन-दोनच्या जोडीनं, चार जोड्या. आवाज बारीक, पण स्वच्छ. आणि तो हात थरथरवायचा तेव्हा एकच सूर धार धरल्यासारखा लांबत जायचा. केवळाबाई पत्रावळी उचलणाऱ्या बायांतून वाट काढत तिथं जाऊन उभी राहिली. ती ऐकत होती थोडं आणि बघत होती जास्त. त्या माणसानं अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात तारा छेडायची नखी धरली होती. बाकीची तीन बोटं दुमडून तळहाताशी गप्प पडली होती.

"दादा, हे काय म्हनायचं?"

"मेंडोलिन."

"आन् ही तीन बोटं कशाला लागतात?"

त्यानं आपल्या हाताकडं असं पाहिलं की जणू ती बोटं त्याला आजच दिसली. "कशालाच न्हाई बाई. दुमडून ठेवायची."

केवळाबाई खळखळून हसली. कडबाकुट्टीनंतर पहिल्यांदाच. हणमंतराव लांबून बघत होता. त्याला वाटलं, बायकोचं डोकं फिरलं.

घरी आल्यावर तिनं लातूरला फोन लावला. तिची लेक सृष्टी तिथं एका खासगी दवाखान्यात नर्स होती. सृष्टीनं आधी समजूत घालून पाहिली, मग आईच्या आवाजातला हट्ट ओळखून फोनवर मेंडोलिनचे फोटो धाडत बसली. निळी, लाल, सोनेरी नक्षीची, स्वस्तातली. "माय, यातलं कुठलं मागवू? घरपोच येतं."

"फोटो बघून म्हैस घेतली व्हती का आपण कधी?" केवळाबाई म्हणाली. "हातात घेतल्याबिगर मी काय बी घेणार न्हाई."

दुधाचे चार पैसे तिनं आपल्या नावावर साठवले होते. महागडं वाद्य त्यात बसणार नव्हतं हे तिला ठाऊक होतं. पण स्वस्त म्हणजे टाकाऊ, हे मानायला ती तयार नव्हती. हणमंतराव कुरकुरत का होईना, तिच्याबरोबर नांदेडला आला.

दुकान मोठं होतं, काचेचं. दुकानदार सगळं बोलणं हणमंतरावाशीच करायचा.

"कुणासाठी पाहिजे काका? नातीसाठी का?"

"मला पाहिजे," केवळाबाई म्हणाली आणि उजवा हात मुद्दाम काउंटरवर ठेवला.

दुकानदाराची नजर हातावर गेली, तिथून निसटली. आवाज मऊ झाला. "मावशी, मी म्हणतो खंजिरी घेऊन जा. हलकी हाय, भजनात बसती. हे वाद्य लई अवघड."

"अवघड का सोपं ते मी बघन. काढा खाली."

त्यानं एक लालचुटूक, चकचकीत मेंडोलिन काढलं. पाठ भोपळ्यासारखी गोल. केवळाबाईनं ते मांडीवर घेतलं तर ते पोटावरून घसरायला लागलं. धरून ठेवायला तिच्या उजव्या हाताला पकडच नव्हती. ते तिनं बाजूला ठेवलं. दुसरं सपाट पाठीचं होतं. तिनं डाव्या हाताचं बोट तारेवर ठेवून दाबलं, आणि तार खाली टेकेपर्यंत बोटात चर पडला.

"तारा इतक्या वर कशाला? ह्यांच्यावर लुगडी वाळत घालायची का?"

"सगळी अशीच येतात मावशी. बोटं तयार झाली की जमतं."

तिसरं तिनं डोळ्यासमोर आडवं धरलं आणि एक डोळा झाकून त्याच्या मानेवरून नजर टाकली. मान मधे वाकली होती. चौथ्याच्या पडद्यांच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडा मानेबाहेर आल्या होत्या. हात फिरवला की ओरखडा उठायचा. दुकानदार एव्हाना घड्याळ बघायला लागला होता. हणमंतराव कानाशी लागला, "आगं, घे की त्यातलंच एक. माणसं बघून राहिलीत."

"बघू द्या," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच एस.टी.नं लातूरला गेली. सृष्टीनं तिला गंजगोलाईमागच्या एका गल्लीत नेलं. तिथं वीरण्णा नावाचा, कपाळाला भस्म लावलेला माणूस पेट्या दुरुस्त करायचा, तबले मढवायचा. मूळचा निलंग्याकडचा, बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज वर न्यायचा. भिंतीवर खिळ्याला एक जुनं मेंडोलिन टांगलं होतं. रंग उडालेला, पोटावर एक लांब ओरखडा, तारा गंजलेल्या.

"ते विकायचं हाय का?"

"एका ऑर्केस्ट्रावाल्याचं होतं अक्का. धंदा बसला, देऊन गेला माझ्याकडं. पण दिसायला काय खरं नाही बघा ते."

"मला त्याच्याशी लगीन लावायचं न्हाई. द्या हिकडं."

पाठ सपाट होती; मांडीवर ठेवलं की बसल्या जागी बसत होतं. मान सरळ. पडदे गुळगुळीत. डोक्याच्या खुंट्या एकेक करून फिरवून पाहिल्या, त्या लोण्यासारख्या फिरत होत्या. तिनं पोटावरची फळी अंगठ्यानं दाबत दाबत तपासली, वाजवून बघितली. कुठं भेग नाही, कुठं खड्डा नाही. वीरण्णा तंबाखू मळता मळता थांबला.

"तुम्ही वाजवता का?"

"अजून न्हाई."

किमतीवर ओढाताण झाली नाही; ओढाताण झाली ती पुढं. केवळाबाईचं म्हणणं, तारा खाली आणून द्या. वीरण्णाचं म्हणणं, आधी शिका, बोटांना घट्टे पडू द्या, वर्षभरानं या, मग खाली करतो. नवीन माणसानं थोडं सोसायचंच असतं.

केवळाबाईनं त्याला आपला उजवा हात दाखवला नाही. डावा दाखवला. खुरप्यानं, विळ्यानं, दोरानं राठ झालेला.

"ह्याला घट्टे तुम्ही शिकवणार का? आवो, नांगर जड चालला तर बैलाला हाणायचं का नांगर नीट करायचा? मी सोसायला न्हाई आले. वाजवायला आले."

सृष्टी ओशाळून दुसरीकडं बघायला लागली. वीरण्णानं मात्र तंबाखू तोंडात टाकली, सतरंजीवर फडकं अंथरलं आणि म्हणाला, "बसा मग. दिवस जाईल."

त्यानं तारा सैल सोडल्या आणि पोटावरची, तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी घोडी अलगद उचलून घेतली. केवळाबाई दचकली. "मोडली का?"

"मोडायला काय झालं? ती चिकटवलेली नसतीच. तारांच्या दाबावर उभी असते. म्हणून तर सरकवता येते."

घोडीचा तळ फळीवर नीट बसत नव्हता. एका बाजूनं फट होती. वीरण्णानं फळीवर पॉलिश पेपर पसरला, खरखरीत बाजू वर, आणि घोडी त्याच्यावर ठेवून हळूहळू पुढं-मागं घासायला लागला. फळीला जशी गोलाई, तशीच घोडीच्या तळाला यायला पाहिजे. थोडं झाल्यावर केवळाबाई म्हणाली, "मला द्या." डाव्या हातानं ती घासत राहिली, मधेच उचलून उजेडाला धरून फट बघत राहिली. फट मिटली तशी घोडीही खाली आली. मग वीरण्णानं मानेच्या टोकाशी जी हाडाची पट्टी असते, तिच्या खाचा बारीक कानशीनं जराजरा खोल केल्या. "ह्या जास्त खोल गेल्या तर तार पडद्याला लागून खरखरती," त्यानं सांगितलं. "घाई करायची नसते." नव्या तारा त्यानं सगळ्यांत बारीक निवडल्या आणि एकेक जोडी बदलत गेला.

शेवटी घोडीची जागा ठरवायची होती. मोकळी तार वाजवायची, मग बाराव्या पडद्यावर बोट ठेवून तीच वाजवायची. दोन्ही सूर एकच, फक्त दुसरा वरच्या सप्तकातला.

वीरण्णानं वाजवलं. "झालं."

"वरचा चढतो," केवळाबाई म्हणाली.

त्यानं घोडी केसभर मागं सरकवली. "आता?"

"अजून चढतो."

"अक्का, एवढं कुणाला ऐकू येतंय?"

"मला येतंय. वाजवणार बी मीच हाय."

त्यानं अजून सरकवली. वाजवली. केवळाबाईनं डोळे मिटले. मग मान डोलावली. वीरण्णा हसला, पहिल्यांदाच. त्यानंच सुचवलं, की भजनाची पट्टी सांगा, तशा तारा लावून देतो. बायांची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या सुरावर सा. खालच्या दोन जोड्या त्यानं अर्धा सूर चढवल्या, वरच्या दोन अर्धा सूर उतरवल्या. सा, प, पुन्हा सा, प. कुठंही हात चुकला तरी मोकळ्या तारा षड्‌ज-पंचमाला धरून राहणार. केवळाबाईनं नखी घेतली आणि चारही जोड्यांवरून एकदा सरळ खाली ओढली. सृष्टी मागं भिंतीला टेकून उभी होती. तिनं पटकन तोंड फिरवलं आणि ओढणीनं डोळे पुसले.

वाद्य चांगलं निघालं म्हणून वाजवणं सोपं झालं असं नाही. पहिलं भांडण नखीशी. उरलेल्या बोटाचं टोक बधिर होतं. नखी कधी फिरली, कधी निसटली, कळायचंच नाही. कितीदा तरी ती पोटाच्या भोकातून आत पडली आणि वाद्य उलटं करून झटकावं लागलं. शेवटी केवळाबाईनं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून नखीवर दोन्ही बाजूंनी चिकटवला. मग नखी जागची हलेना. दुसरं भांडण डाव्या हाताशी. पेटीवर असताना या हातानं जन्मभर नुसता भाता हलवला होता. सूर काय असतो ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आता सगळं गाणं त्याच्या गळ्यात पडलं. गळा जाणायचा, कान जाणायचे, बोटं मात्र दुसऱ्याच पडद्यावर जाऊन बसायची. म्हशींचं आटोपून ती दुपारी ओसरीत बसे, आणि येणारेजाणारे थांबून बघत. कुणी हसून गेलं, कुणी 'कशाला जिवाला त्रास' म्हणून गेलं. ती मान वर करायची नाही. एक दिवस मात्र भिंतीपलीकडून इंदूनं पेटीवर तोच अभंग धरला, सावकाश, हिच्या चुकांसाठी थांबत थांबत. दुसऱ्या दिवशी इंदू पेटी उचलून इकडंच आली.

सप्ताह जवळ आला तशी गावात कुजबुज झाली. रेणुकादास गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, मंदिराचं सगळं त्यांच्याकडं. ते स्वतः घरी आले. चहा घेतला, हाताची चौकशी केली, मग मुद्द्यावर आले.

"केवळाबाई, तुम्ही बायांच्या भजनात पुढं बसा. अगदी पुढं. तुम्हाला बघून बायांना धीर येतो. पण ते वाद्य तेवढं आणू नका. बँडवाल्यांचं आहे ते. देवापुढं शोभत नाही."

"म्हंजे मी नुसतं बसू?"

"हो."

"मी काय मूर्ती हाय का गुरुजी, बसून राहायला?"

"तसं नाही. परंपरा असते काही."

"पेटी तरी कुठं आपल्या आज्याची? ती बी साहेबाच्याच देशातून आली. ती देवाला चालती, मग हिनं काय पाप केलं?"

हणमंतराव दारात उभा होता. गुरुजींनी त्याच्याकडं पाहिलं. घरच्या माणसानं समजवावं, असं त्या नजरेत होतं. हणमंतरावानं घसा खाकरला. "मला इचारू नका गुरुजी," तो म्हणाला. "मी एकदा न इचारता पेटी दिली, ते अजून निस्तरून राहिलो."

सप्ताहात बायांच्या भजनाला दुपारची वेळ. मंदिराचा सभामंडप गच्च भरलेला. केवळाबाई मेंडोलिन घेऊन आली आणि इंदूच्या पेटीशेजारी बसली. गुरुजी उठले, त्यांनी तिच्यापुढचा माईक उचलला आणि खांबाशी नेऊन ठेवला.

"न्या," केवळाबाई मोठ्यानं म्हणाली. "कान हायती लोकांला."

मागच्या बाया सरकत सरकत पुढं आल्या. भजन सुरू झालं. पहिला अभंग निभावला. दुसऱ्यात, अगदी कडव्याच्या मधे, वरच्या जोडीतली एक तार उतरली आणि सुरात खडा पडला. केवळाबाईनं हात वर केला. "थांबा."

टाळ थांबले. मागून कुणी तरी म्हणालं, "राहू द्या बाई आता, झालं तेवढं लई झालं."

"न्हाई राहू देणार."

शंभरेक माणसांसमोर ती मान खाली घालून खुंटी पिळत राहिली. तार वाजव, जोडीची वाजव, पुन्हा पिळ. गडबड नाही, शरमही नाही. गुरुजी पाय आपटत बाहेर निघून गेले, त्यांच्या मागं चार-दोन माणसं गेली. इंदूनं पेटीवर षड्‌ज धरून ठेवला होता. दोन तारा जेव्हा एक झाल्या, तेव्हा केवळाबाईनं इंदूकडं बघून मान डोलावली आणि तुटल्या जागेपासून अभंग उचलला. दोन ओळींच्या मधे इंदूनं पेटी मुद्दाम बंद केली. माईक नसलेल्या त्या मंडपात मेंडोलिनचा एकटा सूर थरथरत, लांबत गेला, आणि मागं पार मंडपाच्या पायरीशी बसलेल्या म्हातारीनंही मान हलवली.

गुरुजींचं मन बदललं नाही. ते अजूनही म्हणतात, बाईनं हट्टापायी देवाचा मान ठेवला नाही. सप्ताहानंतर मंदिरातली बायांची वेळ 'कार्यक्रम फार झाले' म्हणून काढून टाकली. केवळाबाई कुणाच्या पाया पडायला गेली नाही. आता एकादशीला दुपारी बाया हणमंतरावाच्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये जमतात. पत्रा तापतो, पंखा एकच, बसायला रिकामे क्रेट. मंदिरात यायच्या त्याहून जास्त बाया येतात, कारण मंदिरात ज्यांना पुढं बसायची लाज वाटायची त्याही इथं येतात.

परवा गुरुजींकडून निरोप आला. परत मंदिरात या, मेंडोलिनही आणा, पण मागच्या बाजूला बसा. निरोप घेऊन आलेली बाई दारातच उभी राहून उत्तराची वाट बघत होती. केवळाबाईच्या मांडीवर वाद्य होतं. ती एक जुनी तार काढून नवी चढवत होती.

"त्यांला सांग," ती वर न बघता म्हणाली, "मागं बसायला मी यायची न्हाई. आन् तू आता उभी हायस तर बस हितं, तार लावायला जरा सा धर. इंदूला यायला उशीर हाय."